विणीची ब्रेक-नळी

मोटारसायकल थांबविते कोण, असा प्रश्न एखाद्या तरुण स्वाराला केला तर तो पुढच्या चाकावरची चकाकणारी तबकडी दाखवितो. थोडा अधिक जाणता असला तर त्या तबकडीला दोन्ही बाजूंनीं आवळणारे पॅड दाखवितो. हँडलपासून चाकापर्यंत उतरलेली, करंगळीएवढ्या जाडीची काळी रबरी नळी मात्र सहसा कोणी दाखवीत नाहीं. हाताची आज्ञा चाकापर्यंत पोंचविणारा निरोप्या म्हणजे ही नळीच. आणि निरोप्यानें वाटेंत निरोपांतले दोन शब्द गाळले तर दोष ना धन्याचा, ना चाकराचा.

गेल्या कांहीं वर्षांत ह्या काळ्या नळीच्या जागीं पोलादी तारेच्या विणीची नळी बसवून घेण्याची हौस आपल्याकडे बरीच वाढली आहे. दुकानांत ती ‘ब्रेडेड लाइन’ ह्या नांवानें मागतात. ती तांबडी मिळते, निळी मिळते, सोनेरी टोंकांची मिळते. आणि ती बसविली कीं गाडी निम्म्या अंतरांत थांबते असेंहि तेथें छातीठोकपणें सांगण्यांत येतें. ह्यांतलें खरें किती, आणि घ्यावयाचीच झाली तर ती कशी पारखून घ्यावी, एवढ्याचाच विचार आज करावयाचा आहे.

तत्त्व साधें आहे. कोंडलेल्या द्रवाला एके ठिकाणीं दाब दिला तर तो सर्व दिशांना सारखाच पोंचतो, हें फ्रेंच पंडित ब्लेझ पास्कल ह्यानें सतराव्या शतकांत सांगून ठेविलें. १९२१ सालीं अमेरिकेंतल्या ड्यूझेनबर्ग मोटारीच्या चारहि चाकांना ह्या तत्त्वावर चालणारे ब्रेक आले. मोटारसायकलच्या सामान्य गिऱ्हाइकापर्यंत तेलाच्या दाबाची तबकडी पोंचावयास मात्र १९६९ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं होंडा कंपनीनें आपल्या सी. बी. ७५० गाडीच्या पुढच्या चाकाला ती बसविली. त्यापूर्वीं तारेनें ओढल्या जाणाऱ्या ड्रमच्या ब्रेकवर जगाचें काम चालत होतें, आणि आपल्याकडच्या अनेक लहान गाड्यांचें तें अजूनहि चालतें. अशा गाडीला तेलाची नळी नसतेच, हें सांगावयाचें कारण एवढेंच कीं, मागच्या ड्रमच्या ब्रेकलाहि ‘ब्रेडेड’ बसवून द्या म्हणून हटून बसलेला एक गृहस्थ मीं पाहिला आहे.

आतां थोडा हिशेब करूं. हिशेबाचें नांव काढतांच रेडिओ बंद करण्याचा मोह होतो हें मला ठाऊक आहे. पण हा हिशेब भाजीबाजाराच्या हिशेबाहून कठीण नाहीं. समजा, तुम्हीं दोन बोटांनीं लिव्हरवर १० किलोचा जोर दिला. लिव्हरच्या तरफेमुळें तो सहापट होऊन मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर ६० किलो पडला. हा दट्ट्या अर्ध्या इंचाचा, म्हणजे त्याचें क्षेत्रफळ सव्वा चौरस सेंटिमीटरहून किंचित् अधिक. तेव्हां तेलांतला दाब झाला दर चौरस सेंटिमीटरला सुमारें ४७ किलो. चाकाजवळच्या कॅलिपरांत ३० मिलिमीटर व्यासाचे दोन दट्टे आहेत असें धरलें तर त्या दोहोंचें मिळून क्षेत्रफळ १४ चौरस सेंटिमीटर होतें, आणि पॅडवर येणारें बळ सुमारें ६६० ते ६७० किलोंच्या घरांत जातें. दोन बोटांनीं साडेसहा क्विंटलांचा भार ढकलला!

पण हें बळ फुकट मिळत नाहीं. बळांत जें मिळालें तें अंतरांत द्यावें लागतें. वरच्या उदाहरणांत मास्टर सिलिंडरचा दट्ट्या ११ मिलिमीटर सरकावा तेव्हां चाकाजवळचे दट्टे एक मिलिमीटर सरकतात. ह्या साऱ्या खटाटोपांत जें तेल हलतें तें चहाच्या चमच्याचा चौथा हिस्सा भरेल इतकेंच. एवढ्या थोड्या तेलावर सगळा कारभार असल्यामुळें त्यांतला एक थेंब जरी भलतीकडे गेला तरी तो हाताला जाणवतो. समजा, दाब चढतांच नळी इकडे-तिकडे फुगली आणि त्या फुगवट्यांत एकदशांश घनसेंटिमीटर तेल सामावलें. तेवढ्या तेलासाठीं वरच्या दट्ट्याला पाऊण मिलिमीटर जास्त सरकावें लागेल, आणि बोटाखालचा लिव्हर जवळजवळ पांच मिलिमीटर अधिक ओढला जाईल. तें अंतर ब्रेकच्या कामीं आलें नाहीं. तें नळीला फुगविण्यांत खर्चीं पडलें.

रबरी नळी अशी फुगते, कारण ती मुळांत तीन थरांची असते. आंत रबर, मध्यें सुताची वीण, आणि बाहेर पुन्हां रबर. सूत ताणलें जातें. रबर तर ताणण्यासाठींच जन्माला आलेलें. नवी असतांना ही नळी आपलें काम पुष्कळच चोख करते, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. परंतु ऊन, इंजिनाची धग, पावसाळा आणि हँडल वळतांना होणारी रोजची हजार वांकणें ह्यांनीं ती हळूहळू शिथिल होते. अनेक जपानी कारखाने आपल्या गाड्यांच्या पुस्तकांत ही नळी दर चार वर्षांनीं बदलण्यास सांगतात. आपल्यापैकीं किती जणांनीं तें पान वाचलें असेल, हा प्रश्न मी माझ्यापासून सुरुवात करून विचारतों, आणि उत्तर देत नाहीं.

विणीच्या नळीची गोष्ट निराळी, आणि थोडी गमतीची आहे. ६ एप्रिल १९३८ रोजीं अमेरिकेंत न्यू जर्सी येथें ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेंत रॉय प्लंकेट नांवाचा तरुण रसायनज्ञ शीतयंत्रांत वापरावयाच्या वायूंवर प्रयोग करीत होता. एका नळकांड्याचा पेंच उघडला तरी वायु बाहेर येईना; वजनावरून तर तें भरलेलें दिसे. शेवटीं तें कापून पाहिलें तों आंत पांढरी, मेणचट भुकटी! हेंच पुढें टेफ्लॉन ह्या नांवानें प्रसिद्ध झालें, आणि आज घरोघरीं न चिकटणाऱ्या तव्यावर तें बसलेलें आहे. ह्याला बहुतेक कोणतेंहि रसायन शिवत नाहीं, उष्णता तें चांगली सोसतें, आणि रबरापेक्षां तें पुष्कळच कमी ताणलें जातें. विणीच्या नळीच्या पोटांत ह्याच टेफ्लॉनची बारीक नळी असते. ती एकटी ब्रेकचा दाब सोसूं शकणार नाहीं. म्हणून तिच्याभोंवतीं न गंजणाऱ्या पोलादाच्या बारीक तारांची घट्ट वीण घातलेली असते. सायकलची ट्यूब हवा धरते आणि टायर तिला फुगूं देत नाहीं, तसाच हा संसार. तारेच्या विणीवर आणखी एक पारदर्शक किंवा रंगीत प्लास्टिकचें अस्तर असतें. त्याची आठवण ठेवा. त्याच्याकडे आपण पुन्हां येणार आहों.

म्हणजे विणीच्या नळीनें लाभ होतो तो असा : लिव्हर ओढला कीं तो लवकर कठीण लागतो, आणि बोटांनीं किती जोर दिला व चाकाला किती पोंचला ह्यांतला संबंध अधिक सरळ राहतो. चाक घसरण्याच्या सीमेवर आलें म्हणजे तें निपुण स्वाराला बोटांतून कळतें. ओल्या रस्त्यावर ही जाणीव मोलाची आहे. पण गाडी थांबण्याचें अंतर शेवटीं ठरवितात रस्ता, टायर आणि पॅड. झिजलेल्या टायरला नळी कांहीं शिकवूं शकत नाहीं. ‘निम्म्या अंतरांत थांबते’ हें वाक्य दुकानदाराच्या उत्साहाचें समजावें. तीच गोष्ट फुटण्याच्या भीतीची. अमेरिकेच्या सरकारी नियमाप्रमाणें ब्रेकच्या तेलाच्या नळीला, मग ती रबरी असो वा विणीची, दर चौरस सेंटिमीटरला निदान ३५० किलोपर्यंतचा दाब न फुटतां सोसावा लागतो. आपल्या वरच्या हिशेबांतला दाब होता ४७. तेव्हां चांगली रबरी नळी फुटेल म्हणून कोणी तारेची घ्यावी, असें नाहीं.

ह्या ठिकाणीं मला माझी स्वतःची फजिती सांगितली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं एका हिवाळ्यांत मी आणि माझा धाकटा भाऊ भोरहून वरंधा घाटानें महाडकडे उतरत होतों. मागें भाऊ, दोन्ही बाजूंना सामानाच्या पिशव्या, आणि माझी खोड अशी कीं उतारावर पुढचा ब्रेक सारखा थोडा थोडा दाबून धरावयाचा. निम्मा घाट उतरल्यावर एका वळणाआधीं मीं लिव्हर ओढला तों तो विरोध न करतां सरळ मुठीला येऊन टेकला. गिअर खालीं टाकून आणि मागच्या ब्रेकवर उभा राहून मीं गाडी कशीबशी डोंगराच्या अंगाला घातली. भाऊ कांहीं बोलला नाहीं. त्यानें फक्त माझ्या खांद्यावरचा हात बराच वेळ काढला नाहीं. अर्धा तास थांबल्यावर लिव्हर आपोआप पूर्ववत् कठीण झाला.

पुण्यास परतल्यावर एका गॅरेजांत ही हकीकत सांगितली. कारागिरानें नळी दोन बोटांत धरून पाहिली आणि म्हणाला, “साहेब, पाइप ढिला पडलाय. ब्रेडेड टाकून घ्या, पुन्हां बघायला नको.” मीं टाकून घेतली. लिव्हर कसा लांकडासारखा कठीण झाला! मी खूष झालों, आणि महिन्याभरानें त्याच घाटांत, जवळजवळ त्याच वळणावर, तो पुन्हां मुठीला येऊन टेकला. ह्या खेपेस मी एकटा होतों, एवढेंच दैव.

विचार मीं त्यानंतर केला. तो आधीं करावयाचा होता. नळी ढिली असती तर लिव्हर थंड गाडीवरहि मऊ लागला असता. येथें तो थंड असतांना कठीण आणि तापल्यावर नाहींसा होत होता, आणि निवल्यावर परत येत होता. हें लक्षण नळीचें नव्हे. तें उकळलेल्या तेलाचें. आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतों तें हवेंतली ओल पिऊन घेणारें द्रव्य आहे. डॉट ४ जातीचें ताजें तेल निदान २३० अंश सेंटिग्रेडपर्यंत उकळत नाहीं. पण तेंच ओल पिऊन बसलें कीं ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खालीं येऊं शकते. घाटांत सारखा ब्रेक धरला म्हणजे कॅलिपर तापतो, तेलांत वाफेचे बुडबुडे धरतात, आणि वाफ दाबली जाते तेव्हां लिव्हर मुठीला येतो. पहिल्या वेळीं तेल तीन वर्षांचें जुनें होतें. दुसऱ्या वेळीं नळी नवी, पण तिच्यांत भरलेलें तेल गॅरेजाच्या फळीवर झांकण सैल ठेवून महिनेन् महिने पडलेल्या डब्यांतलें होतें. तें मीं माझ्या डोळ्यांनीं भरतांना पाहिलें होतें आणि कांहीं बोललों नव्हतों.

म्हणून नळी निवडण्याआधीं रोगाची परीक्षा करावी. लिव्हर मऊ लागत असेल तर प्रथम पॅड किती उरले आहेत तें पाहावें, तेलाचा रंग पाहावा, तेल बदलून आंतली हवा नीट काढावी. ताज्या, नव्या डब्यांतल्या तेलानंतरहि लिव्हर ओढतांना नळी डोळ्यांना फुगतांना दिसली, किंवा टोंकाशीं तिला भेगा पडलेल्या आढळल्या, तर मात्र नळी बदलण्यास क्षणाचाहि विलंब लावूं नये. मग ती विणीची घ्यावी कीं मूळची, हा आपल्या पसंतीचा आणि खिशाचा प्रश्न.

विणीचीच घ्यावयाची ठरली तर सर्वांत आधीं टोंकें पाहावीं, रंग नव्हे. नळी मधोमध क्वचितच दगा देते; दगा होतो तो धातूचें टोंक नळीला जेथें जोडलेलें असतें तेथें. हें टोंक यंत्रानें चहूंबाजूंनीं सारखें आवळून बसविलेलें असावें. स्क्रूनें घरच्या घरीं जोडावयाचींहि टोंकें मिळतात, आणि जाणत्या हातांत तीं चांगलीं निघतात. नवशिक्यानें त्यांच्या वाटेला जाऊं नये. टोंक ॲल्युमिनियमचें हलकें आणि दिसावयास सुरेख असतें. पण रत्नागिरी, मालवण, पणजी अशा खाऱ्या हवेच्या गांवीं गाडी असेल तर त्याचा मोह सोडावा. पोलादी बोल्ट, ॲल्युमिनियमचें टोंक आणि मीठ ह्यांचें त्रिकूट जमलें कीं ॲल्युमिनियम पांढरें पिठूळ होऊं लागतें. तेथें न गंजणारें पोलादच बरें.

नळीवर छापलेलें पाहावें. कारखान्याचें नांव, तयार झाल्याची तारीख, आणि डॉट हीं अक्षरें असल्यास ती अमेरिकी नियमाप्रमाणें तयार केल्याची कारखान्याची ग्वाही असते. त्या नियमांत नुसता दाबच पाहात नाहींत. नळी दाबाखालीं सतत ३५ तास फिरवून वांकविली जाते, आणि तीहि कसोटी तिला उतरावी लागते. ज्या नळीवर एकहि अक्षर नाहीं, जी वजनावर विकल्यासारखी टोपलींतून काढून देतात, ती कितीहि सोनेरी असली तरी परत टोपलींत ठेवावी.

आतां अस्तर. उघड्या पोलादी विणीची नळी ही एक लांबट कानसच आहे. ती शेजारच्या रंगाला, प्लास्टिकला, दुसऱ्या तारेला सावकाश कापीत जाते. शिवाय विणींत धूळ-वाळू शिरली तर ती आंतल्या टेफ्लॉनलाहि घांसते. म्हणून अस्तर असलेलीच नळी घ्यावी. पारदर्शक अस्तराचा फायदा हा कीं, आंतली एखादी तार तुटली तर दिसते. विणीच्या नळीचा हा एक खरा उणेपणा आहे, आणि विकणारे तो सांगत नाहींत : रबरी नळी म्हातारी झाली कीं तिच्या अंगावर सुरकुत्या येतात, हिचें पोट मात्र बाहेरून दिसत नाहीं. आणखी एक : टेफ्लॉनला एकदां मोड पडली कीं ती मोड जात नाहीं. मोडलेली नळी सरळ करून बसविण्याचा विचारहि करूं नये.

लांबीचा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. मोजमाप एका डोळ्याच्या मध्यापासून दुसऱ्या डोळ्याच्या मध्यापर्यंत घ्यावें, आणि तें गाडी स्टँडवर उचलून, पुढचें चाक लोंबकळतें ठेवून घ्यावें. कारण पुढचा फोर्क खड्ड्यावरून उसळून पूर्ण लांबला तेव्हांच नळीला सर्वांत जास्त लांबी लागते. त्याच स्थितींत हँडल ह्या टोंकापासून त्या टोंकापर्यंत फिरवून पाहावें. रबरी नळी थोडी आंखूड पडली तर ताणून घेते. ही ताणून घेत नाहीं, टोंकावर ओढ देते. फार लांब झाली तर चाकाला किंवा गरम इंजिनाला जाऊन टेकते. ज्यांनीं हौसेनें उंच हँडल बसविलें आहे त्यांनीं तर मूळच्या नळीच्या लांबीवर मुळींच विसंबूं नये. टोंकाचा कोनहि, सरळ कीं वांकडा, जुन्या टोंकाशीं ताडून घ्यावा, नाहींतर नळीला पीळ देऊन बसवावी लागते, आणि पिळलेली नळी पुढें बोल्टच सैल करूं पाहते.

बोल्टाचें एक वेगळेंच प्रकरण आहे. मध्यें पोकळ असा जो बँजो बोल्ट, तो बहुधा १० मिलिमीटरचा असतो. पण त्याचे आटे कांहींचे एक मिलिमीटर अंतराचे, तर कांहींचे सव्वा मिलिमीटरचे. दोन्ही बोल्ट डोळ्यांना जुळे भाऊ दिसतात. चुकीचा बोल्ट पहिले दोन वेढे गोडीनें जातो, मग अडतो, आणि तेथें पान्ह्यानें जबरदस्ती केली कीं मास्टर सिलिंडरचे आटे कायमचे जातात. बोटांनीं शेवटपर्यंत फिरत नाहीं तो बोल्ट आपला नव्हे.

१ एप्रिल २०१९ पासून आपल्या देशांत विकल्या जाणाऱ्या १२५ सी.सी.वरील प्रत्येक नव्या दुचाकीला, चाक अडकूं न देणारी ए.बी.एस. ही योजना सक्तीची झाली. अशा गाडींत हँडलपासून चाकापर्यंत एक सरळ नळी नसते. मध्यें झडपांची पेटी असते, तिच्यांत जाणारी नळी वेगळी, निघणारी वेगळी, आणि कांहीं भाग तर धातूच्या कठीण नळ्यांचा. म्हणून नळ्यांचा संच मागतांना गाडीचें नांव, साल आणि ए.बी.एस. आहे कीं नाहीं हें तिन्ही सांगावें. ह्या पेटींत हवा शिरली तर ती काढण्यासाठीं पुष्कळदां कंपनीचें परीक्षायंत्र जोडून झडपा उघडाव्या लागतात. असलें काम घरच्या अंगणांत करण्यासारखें नाहीं. गाडी हमींत असेल तर नळी बदलण्यापूर्वीं विक्रेत्याकडून त्याविषयीं लेखी विचारून घ्यावें.

बसवितांना प्रत्येक डोळ्याच्या दोन्ही अंगांना एकेक नवा वॉशर घालावा. जुना एकदां दबून आपला आकार घेऊन बसलेला असतो. एकाच बोल्टावर दोन नळ्या असतील तर वॉशर तीन लागतात. नळी मूळच्याच क्लिपांतून न्यावी. तेल टाकीच्या झांकणावर लिहिलेल्या जातीचेंच आणि न उघडलेल्या डब्यांतलें भरावें. डॉट ५ हें सिलिकोनचें तेल इतरांत मिसळूं नये, आणि आंकडा जवळचा दिसला तरी डॉट ५.१ हें त्याहून निराळें आहे. तेल रंगावर सांडलें तर रंग सोलतो, म्हणून जवळ पाण्याची बादली ठेवावी. नव्या नळींतली हवा वरून निघत नसेल तर खालून कॅलिपरच्या बाजूनें पिचकारीनें हळूहळू तेल चढवावें. बुडबुड्यांची स्वाभाविक गति वरच असते.

काम संपल्यावर लिव्हर सर्व जोरानें ओढून दोन मिनिटें धरावा आणि दुसऱ्या कोणाला तरी प्रत्येक सांधा विजेरी लावून पाहण्यास सांगावें. पहिली फेरी अंगणांत, चालत्या माणसाच्या वेगानें. शंभरेक किलोमीटर झाल्यावर सांध्यांना पुन्हां एकदां कोरडा कागद लावावा. तो ओला झाला तर बोल्ट अधिक आवळीत बसूं नये. वॉशर काढावे आणि नवे घालावे.